उभ्याचं तिकीट

व्हिएन्नात चौथा दिवस.
पाकिटात एकोणीस युरो आणि थोडी चिल्लर,
तिच्यातलं एक नाणं दुसऱ्याच कुठल्या देशाचं निघालं.
पाववालीने ते दोन बोटांत धरून
मेलेल्या माशीसारखं परत केलं.

सकाळ फुकटात गेली.
चौकातल्या नळाला ओंजळ लावली:
लांबच्या डोंगरातलं पाणी,
इतकं गार, की दाढेची जुनी तक्रार जागी झाली.
एका चर्चमध्ये कुणीतरी ऑर्गनचा रियाज करत होतं,
एकाच वळणावर चुकत, पुन्हा मागे येत, पुन्हा चुकत.
शेवटी जमलं तेव्हा ऐकायला
मी, आणि फरशी पुसणारा एक माणूस.
त्याने बादली खाली ठेवली,
मान डोलावली,
मग पुसलेलंच परत पुसलं.

मग चैन. एक कॉफी.
चकचकीत ताटलीत कप, शेजारी पाण्याचा पेला,
पेल्यावर पालथा चमचा.
वेटरचा चेहरा कोर्टातल्या बेलिफासारखा,
पण दोन तास झाले, अडीच झाले,
ऊठ म्हणाला नाही.
कप केव्हाच सुकला होता.
तो मधूनच यायचा, पेला बदलून जायचा,
जणू मी पाणीच मागवलं होतं,
आणि तेच इथलं सगळ्यांत महाग पेय होतं.

उरले साडेचौदा.

संध्याकाळी बाजार आवरत होता.
नेजात नावाचा भाजीवाला
(नाव त्याच्या ॲप्रनवर शिवलेलं)
जर्दाळूंची अख्खी पिशवी एका युरोला देत ओरडला,
"आज फळ आहे, उद्या मुरंबा!"
मी घेतली. कुठे चालले आहे हे विसरून घेतली.

ऑपेराच्या बाजूच्या दाराशी
उभ्याच्या तिकिटांची रांग.
पिशवी आत नेता येणार नाही म्हणाले.
तेव्हा ती निघाली हातोहात,
एका चष्मेवाल्या विद्यार्थ्याकडून
जुळ्या बहिणींकडे,
तिथून रोझविथाबाईंकडे,
ज्या एक्केचाळीस वर्षं इथे उभ्या राहताहेत,
आणि ज्यांनी बी चोखून रुमालात ठेवली,
फेकली नाही.

दहा युरो.
आत धावलो सगळे. म्हणजे धावायचं नसतं,
भरभर चालायचं असतं, म्हातारे सगळ्यांत भरभर.
कठड्यापाशी पोचताच बाईंनी गळ्यातला स्कार्फ सोडला
आणि बांधला दांडीला.
"झालं. आता ही जागा माझी. कॉफी प्या, फिरून या,
कुणी हात लावणार नाही."

मला हसूच फुटलं.
अहो, आमच्या एस्टीत
खिडकीतून रुमाल टाकतात!
हे त्यांना कसं सांगू, कुठल्या भाषेत,
एस्टीपासून सुरुवात करावी लागली असती.
मी आपला रुमाल काढला,
निळ्या चौकटींचा, एका कोपऱ्याला जर्दाळूचा डाग,
आणि सोन्याच्या मुलाम्याखाली, लाल मखमलीशेजारी
दोन गाठी मारल्या.

नायिकेने मरायला पाऊण तास घेतला.
समोर, दोनशेच्या खुर्चीत,
एका गृहस्थांची मान हळूहळू कलत गेली.
रोझविथाबाई कानात कुजबुजल्या,
"बसलेल्यांना झोप लागते."
मग एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला,
डोळे मिटले, आणि
पुढची ओळ गाणारीच्या आधी
त्यांच्या ओठांवर आली.

बाहेर सॉसेजच्या टपरीशी
काळ्या कोटातली माणसं, मोत्यांच्या बायका,
आणि मी, नुसता पाव आणि मोहरी घेऊन.
तिथे खुर्ची कुणालाच नव्हती.

अर्ध्या रस्त्यात खिशात हात घातला.
रुमाल वरच राहिला.
विमान सकाळी सहाचं.
बाई म्हणाल्या होत्याच,
बांधलेलं कुणी सोडत नाही.